बंद घराचा मालक शोधताना : भिवंडीतली जुनी घरं आणि लांब गेलेले वारस

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, ही जागा-खरेदीवाल्यांची सभा दिसते. तसं नाही. आपल्या गल्लीत एक तरी घर असं असतं, ज्याच्या दाराला वर्षानुवर्षं तेच कुलूप आहे. कौलं सरकली आहेत, भिंतीच्या फटीतून पिंपळ वर आलाय, ओटीवर कुणीतरी मोटरसायकल लावतो. आणि शेजारचा माणूस दर जूनमध्ये ती भिंत यंदा किती झुकली ते बघतो. आजचं बोलणं मुख्यतः त्या शेजाऱ्यासाठी आहे. त्याला ते घर घ्यायचं असतं. पैसे थोडेफार साठवलेले असतात, मुलगा मोठा झालेला असतो, दोन खोल्यांत भागत नाही. आणि नसतं घ्यायचं, तरी ती भिंत आपल्या अंगावर येऊ नये एवढं तरी त्याला हवं असतं. पण बोलायचं कुणाशी?

भिवंडीत हा प्रश्न जरा जास्तच आहे, आणि त्याला कारणं आहेत. ब्राह्मण आळी, कासार आळी इथली घरं घ्या. पुढची पिढी ठाण्याला, पुण्याला, डोंबिवलीला गेली, त्यांच्यातली काही अमेरिकेला. कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांत गेल्या दोन-तीन पिढ्यांतले कर्ते पुरुष कुवेत, दुबई, सौदीत कमावायला गेले, मग बायकामुलंही गेली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर मिश्र वस्तीतल्या काहींनी, दोन्ही बाजूंच्या, घर तसंच ठेवून मोहल्ला बदलला. त्यात यंत्रमाग. खाली चार माग, वर माणसं, अशी कितीतरी घरं. माग बंद पडले, भाडेकरू मागाच्या जागेला कुलूप लावून गेला, मालक आधीच गेलेला. म्हणजे एका दाराला दोन कुलपं, आणि दोन्हींच्या किल्ल्या गावाबाहेर.

२१ सप्टेंबर २०२० ला पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जवळपास चाळीस माणसं झोपेत गेली. ती इमारत बंद नव्हती, माणसांनी भरलेली होती. त्यामुळे तिचं उदाहरण मी आजच्या विषयाला थेट लावत नाही. एक गोष्ट मात्र त्यातून घ्यायची. मोडकळीला आलेल्या इमारतीला महापालिका नोटीस देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली तसा अधिकार आहे, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची संरचना तपासणी करून घेण्याची सक्ती कलम २६५-अ मध्ये आहे. पण बंद घराच्या बाबतीत ती नोटीस जाते कुठे? दारावर चिकटवली जाते. पहिल्या पावसात ती वाहून जाते. ज्याने वाचायची तो शारजात.

तर, मालक कसा शोधायचा.

पहिली गोष्ट म्हणजे लोक शेजाऱ्याला विचारायला जातात, "हे घर कुणाचं?" शेजारी सांगतो, "अमक्या मास्तरांचं." मास्तर १९७८ ला वारले. गावाच्या तोंडी घर ज्याचं असतं आणि कागदावर ज्याचं असतं, ती माणसं क्वचितच एक असतात. म्हणून आधी घराचा नंबर. महापालिकेचा घरक्रमांक नव्हे बरं का, तो कर आकारणीसाठी असतो आणि बदलतो. आपल्याला हवा सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सि.स.नं. जुन्या गावठाणातल्या घराचा तो असतो. नगर भूमापनाच्या नकाशावर आपल्या स्वतःच्या घराचा नंबर शोधा आणि मग शेजारचा बघा, सोपं पडतं. नारपोली, कामतघर, टेमघर अशी जी गावं नंतर शहरात आली, तिथे बरेचदा सातबाराच बघावा लागतो.

नंबर मिळाला की मिळकत पत्रिका काढायची, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. डिजिटल सहीची प्रत ऑनलाइन मिळते. आणि हा कागद घाईने वाचायचा नाही. त्यावर नावापुढे छोटी अक्षरं असतात, त्यांत सगळं असतं. 'ए.कु.मॅ.' लिहिलं असेल तर एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे ज्याचं नाव दिसतंय तो एकटा मालक नाही, कुटुंबाच्या वतीने नाव लागलंय. 'अ.पा.क.' असेल तर अज्ञान पालनकर्ता. नोंद झाली तेव्हा मूळ धारक लहान मूल होतं, म्हणून पालकाचं नाव लिहिलं. ते लहान मूल आज पासष्ट वर्षांचं असतं आणि त्याच्या नातवाचं बारसं झालेलं असतं, पण कार्डावर ते अजून अज्ञानच! सत्ता प्रकाराचा रकाना बघा. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे का, कुठली अट आहे का, ते तिथे कळतं. आणि खाली फेरफारांची यादी असते. शेवटचा फेरफार १९६२ चा असेल, तर समजायचं की त्यानंतर घरात जेवढी माणसं गेली, त्यांच्या वारसांची एकही नोंद झालेली नाही. आपल्याला वंशावळ बांधायची आहे.

इथे एक स्पष्ट सांगतो. कार्डावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. न्यायालयांनी हे इतक्यांदा सांगितलंय की आता ते सांगतानाही कंटाळत असतील. नोंद महसुलासाठी असते. पण शोध सुरू करायला ती उत्तम. तिच्या जोडीला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरची सूची क्रमांक दोन बघायची, म्हणजे इंडेक्स टू. मुंबईबाहेरचे साधारण २००२ पासूनचे दस्त तिथे दिसतात. त्याआधीचं बघायला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वकिलाला पाठवून हाताने शोध घ्यावा लागतो. तीस वर्षांचा शोध घ्यायची पद्धत आहे, आणि बंद घराला तीस कमीच पडतात असं माझं मत आहे. तिसरा कागद, घरपट्टीचा उतारा. त्यावरचं नावही मालकी सांगत नाही, पण त्यावरून बिल कुणाला जातं ते कळतं. कुठल्यातरी भाच्याने निमूटपणे दरवर्षी घरपट्टी भरलेली असते. तो भाचा म्हणजे आपला पहिला दुवा.

कागद संपले की माणसं. आणि इथे आपल्याकडच्या रीतीभाती उपयोगी पडतात, कुठल्याही ॲपपेक्षा जास्त. दारात पडलेलं विजेचं बिल बघा, मीटर कुणाच्या नावावर आहे ते कळेल. २००७ पासून भिवंडीत वीज वाटप टोरंटकडे आहे, पण पुष्कळ जुन्या घरांत मीटर आजोबांच्याच नावावर राहिलंय. हिंदू घर असेल तर कुलोपाध्याय, ग्रामदेवतेचे विश्वस्त आणि जुन्या लग्नपत्रिका. हसू नका! लग्नपत्रिकेसारखा कागद नाही. निमंत्रक कोण, मामा कोण, आत्या कुठल्या गावी दिली, सगळं एका पानावर छापलेलं असतं. मुसलमान घर असेल तर मोहल्ल्याची जमात. कोण कधी वारलं, मुली कुठे दिल्या, कोण कुठल्या देशात आहे, हे जमातीतल्या एका तरी बुजुर्गाला तोंडपाठ असतं. आणि सगळ्यांत दुर्लक्षित माणूस म्हणजे घरातला जुना भाडेकरू. त्याला बहुतेक सगळं माहीत असतं, फक्त तो ते आपल्याला सांगेलच असं नाही, कारण आपण घर घेतलं तर आपलं काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात पहिला येतो. त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

भेटायची वेळही कळली पाहिजे. लांब गेलेली माणसं ठरावीक वेळी परत येतात. गणपतीत येतात, कारण काही घराण्यांत मूळ घराचा गणपती मोडत नाहीत. घर पडकं असलं तरी एका खोलीत दीड दिवस बसवतात. ईदला येतात. आखातातल्या शाळांना जुलै-ऑगस्टात सुट्टी असते, तेव्हा येतात. तेव्हा जा, ओळख करून घ्या, चहा घ्या, फोन नंबर घ्या. पण गणपतीसमोर बसून "चौरस फुटाला काय अपेक्षा आहे?" असं विचारू नका. विचारणारे असतात म्हणून सांगतोय.

आता पत्र. मी पत्राच्या बाजूचा माणूस आहे. पहिला फोन करू नका. अनोळखी नंबरवरून फोन येतो, "तुमचं भिवंडीचं घर विकायचंय का?" समोरचा काय समजणार? एजंट. किंवा कुणीतरी घर बळकावायला बसलाय. तो सावध होतो, भावाला फोन करतो, आणि पुढचं सहा महिन्यांचं बोलणं तिथेच बिघडतं. पत्र माणूस दोनदा वाचतो, घरात दाखवतो. पोचपावतीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पण पोच मिळते. सोबत त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही.

पत्र कसं असावं, ते वाचूनच दाखवतो. असं लिहा:

"मा. ... यांस सप्रेम नमस्कार. मी भिवंडीत आपल्या घराच्या दक्षिणेकडच्या घरात राहतो. आमचं कुटुंब इथे वीस वर्षं आहे. सि.स.नं. अमुक या घराच्या मिळकत पत्रिकेवर आपल्या आजोबांचं नाव आहे, म्हणून आपल्याला लिहीत आहे. यंदाच्या पावसात मागच्या पडवीचं छप्पर खाली आलं आणि आमच्या बाजूच्या भिंतीला ओल धरली आहे. फोटो सोबत आहेत. घरात कुणी शिरलेलं नाही. दाराचं कुलूप आपलंच आहे. हे घर पुढेमागे विकायचा आपल्या कुटुंबाचा विचार झाला, तर घेण्याची आमची इच्छा आहे. विचार नसेल तर तसंही कळवावं, आमचं काही म्हणणं नाही. फक्त भिंतीला टेकू देण्याची आणि छप्पर झाकण्याची परवानगी द्यावी, खर्च आपण बोलून ठरवू. हेच पत्र आपल्या बंधूंना आणि भगिनींनाही पाठवलं आहे."

एवढंच. एका पानाच्या आत. यात काय नाही ते बघा. किंमत नाही. "घर पडायला आलंय, कोण घेणार?" हे नाही. घरपट्टी थकली आहे, महापालिका जप्ती आणेल, ही भीती नाही. तुम्हाला वाटतं घाबरवलं की लवकर विकतील. उलट होतं. ज्या घरात माणसाची आजी वारली त्या घराला तुम्ही पडकं म्हणालात, तो विषय संपला. पडवीचं छप्पर खाली आलं, असं सांगा. जे झालं ते सांगायचं, घराला नावं ठेवायची नाहीत.

आणि शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं: बंधूंना आणि भगिनींनाही पाठवलं आहे. आपल्याकडे सर्वसाधारण रीत काय? त्यातल्या त्यात बोलका भाऊ गाठायचा आणि त्याला म्हणायचं, "बाकीच्यांचं तुम्ही बघा." तो "बघतो" म्हणतो. विसार घेतो. आणि मग दोन वर्षांनी सोलापूरच्या बहिणीची नोटीस येते. भावाने चोरून केलं असं तिला वाटतं, आणि तिला तसं वाटणं अगदी बरोबर असतं. म्हणून जेवढे वारस सापडतील तेवढ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र.

आता हे वारस किती आणि कोणाचा वाटा किती, इथे जरा बसू. गल्लीच्या दोन बाजूंना दोन घरं धरा. दोन्ही घरं कमावत्या माणसाने स्वतः घेतलेली. दोघेही मृत्युपत्र न करता वारले, आईवडील आधीच गेलेले. दोघांच्याही मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू घरात १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चार समान वाटे: बायको, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी पाव. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं घर असेल तर हिशेब वेगळा, पण २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात होते की नाही हा वादही संपवला. समोरच्या मुसलमान घरात बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात. म्हणजे घराचे चाळीस भाग केले तर बायकोचे पाच, दोन्ही मुलांचे चौदा-चौदा, मुलीचे सात. मुसलमान कायद्यात आपल्यासारखं एकत्र कुटुंबाचं घर ही कल्पना नाही. माणूस गेला त्या क्षणी प्रत्येकाचा वाटा त्याच्या नावे झाला. मग त्यातलं कुणी गेलं की त्याच्या वाट्याचे पुन्हा भाग. तीन पिढ्या नोंद झाली नाही तर एकेका माणसाचा वाटा शंभरातला एक-दोन असा होतो, आणि सही मात्र त्याची लागतेच.

बहिणींबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते सांगून टाकतो. विक्रीआधी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं आणि मग भावांनी विकायचं, हा आपल्याकडचा सोपा मार्ग. कायदेशीर आहे, नोंदवलेलं असेल तर चालतं. पण खरेदीदार म्हणून तुम्ही तो सुचवू नका. बहिणीला खरेदीखतात विक्रेती म्हणून येऊ द्या आणि तिचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यावर जाऊ द्या. पुढे तिला ते पैसे भावाला द्यायचे असतील तर देईल, तिची मर्जी. "मला न विचारता सही घेतली" असा दावा मग उभा राहत नाही. आणि वर्षानुवर्षं माहेरच्या त्या घराचं कुणी विचारलं नव्हतं, त्या बाईला तुमच्या पत्रामुळे आपला वाटा पहिल्यांदा कळतो, असंही होतं. काही भाऊ त्यावरून तुमच्यावर रागावतील. रागावू द्या.

एखादा वारस अज्ञान असेल तर त्याच्या वाट्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. एखाद्याचा ठावठिकाणाच नसेल तर सात वर्षं त्याच्या जवळच्यांना तो जिवंत असल्याचं कळलेलं नाही, हे न्यायालयासमोर दाखवावं लागतं. दोन्हींना वेळ जातो, एवढं लक्षात ठेवा, म्हणजे मुलाच्या लग्नाची तारीख त्या घरावर ठरवणार नाही.

सगळे तयार नाहीत, चारातले दोन भाऊ तयार आहेत, मग त्यांचाच वाटा घ्यावा का? कायदा घेऊ देतो. पण राहत्या घराचा अविभक्त वाटा बाहेरच्याने घेतला तर त्याला कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. तुम्ही वाटपाचा दावा लावलात, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरातला उरलेला हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तुमचा वाटा विकत मागू शकतो. म्हणजे पैसे अडकले, घर मिळालं नाही, शेजारी शत्रू झाला. दोन भावांचा वाटा स्वस्तात मिळतोय म्हणून जे घेतात, ते बहुतेक पेशानेच भांडणारे असतात. तुम्ही त्यातले नसाल तर दूर राहा.

आता परदेशातल्या मालकाची गोष्ट. तो म्हणतो, मी येऊ शकत नाही, मुखत्यारपत्र पाठवतो. ठीक. पण कुठलं? तिथल्या भारतीय वकिलातीत सही झालेलं सगळ्यांत सरळ. ज्या देशांना अपोस्टिल चालतं तिथून नोटरी आणि अपोस्टिल करूनही येतं. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, "देखभाल करणे" म्हणजे विकणे नव्हे. आणि ज्याने ते दिलं तो आज जिवंत आहे ना? मुखत्यारपत्र देणारा गेला की ते सर्वसाधारणपणे संपतं. म्हणून सहीच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल करा, त्याच्याशी बोला, बोलून झाल्यावर व्यवहार त्याला मान्य आहे अशी ईमेल घ्या. नोटरीच्या कागदावर मुखत्यारपत्र, ताबापावती आणि पैसे, एवढ्यावर घर "घेतलेले" लोक आपल्याकडे खूप आहेत. २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अशाने मालकी येत नाही. साठेखतानेसुद्धा येत नाही. येते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

पैशांच्या बाबतीत एकच सांगतो, कारण खूप जणांना ते सही झाल्यावर कळतं. निवासी मालकाच्या व्यवहारात ५० लाखांपासून खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. मालक करासाठी अनिवासी असेल तर ती ५० लाखांची मर्यादाच लागू नाही, आणि दरही १ टक्का नाही, बराच जास्त. कापला नाही तर जबाबदारी तुमची. तो दुबईत आहे, आयकर खातं तुमच्या दारात येणार. मालकाला कमी दराचं प्रमाणपत्र आधी मागता येतं. चार्टर्ड अकाउंटंटला विसार देण्याआधी भेटा. आणि अनिवासी म्हणजे परदेशी पासपोर्टवाला असं नाही. भारतीय पासपोर्ट असून वर्षातले बहुतेक दिवस बाहेर राहणारा यात येतो.

एक बाब भिवंडीसाठी मुद्दाम. फाळणीनंतर कोकणी मुसलमान कुटुंबांतली काही माणसं कराचीला गेली. मूळ मालक किंवा त्याचा हिस्सेदार भाऊ पाकिस्तानचा नागरिक झाला असेल, तर त्याचा वाटा १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली अभिरक्षकाकडे असू शकतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वारसांनी केलेली विक्रीही त्यात टिकत नाही. कुवेत आणि कराची यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून वंशावळीत "हे एक भाऊ तिकडे गेले" असं कुणी बोललं, तर "तिकडे म्हणजे कुठे?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. तसंच घर वक्फाचं आहे का किंवा देवस्थान इनामाचं आहे का, हे बघून घ्या. यात संशयाचं काही नाही, कागद बघणं आहे.

सगळं जुळलं की जाहीर नोटीस. मराठी पेपरात तर द्याच, भिवंडीत उर्दू पेपरातही द्या. हरवलेला वारस जो पेपर वाचतो त्यात नोटीस आली पाहिजे, नाहीतर ती कशाला?

आता भाडेकरू. घर बंद आहे म्हणजे मोकळं आहे असं नाही. खालच्या गाळ्यात पागडीचा भाडेकरू असेल, तर तुम्ही मालक झालात तरी तो भाडेकरूच राहतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे. घर पडलं म्हणजे त्याचा हक्क गेला, असं मालकमंडळींना वाटतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार त्याने संपत नाही. म्हणून मालकाशी बोलणी पक्की व्हायच्या आधी भाडेकरूला भेटा. त्याला काय हवंय ते ऐका. पैसे हवेत, की नव्या बांधकामात गाळा हवा, की फक्त आपल्याला रस्त्यावर काढणार नाहीत एवढी खात्री? जे ठरेल ते लिहून, तिघांच्या सह्यांनी. किमतीत त्याचा वाटा धरायलाच लागतो. तो न धरता स्वस्त मिळालेलं घर स्वस्त नसतं.

वेळ होत आलाय, दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून : मालकाचा पत्ता लागत नाही म्हणून पंधरा वर्षं मीच घरपट्टी भरतोय. अंगणही वापरतो. आता घर माझ्या नावावर होईल का?)

नाही. घरपट्टीच्या पावतीने मालकी येत नाही. ताब्याने मालकी मिळवायची तर बारा वर्षं उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून, सलग ताबा हवा. अंगणात गाडी लावणं म्हणजे तो ताबा नव्हे. आणि घर विकत द्याल का असं पत्र तुम्ही लिहिलंत, की घर त्यांचं आहे हे तुम्हीच लेखी मान्य केलंत! पण मी म्हणेन, पत्र लिहाच. तुमच्या पावत्या बोलणीच्या वेळी मालकासमोर ठेवा. किमतीत वळते करून घ्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

(श्रोत्यांतून : भिंत फार झुकली आहे. महापालिकेत तक्रार केली तर मालक म्हणेल, घर मिळवण्यासाठी केली. काय करावं?)

तक्रार करा. आजच. भिंतीखाली मुलं खेळतात ना? मग खरेदीचं बोलणं बिघडलं तरी चालेल. फक्त दोन गोष्टी पाळा. तक्रारीची प्रत त्याच दिवशी मालकाला पाठवा, स्वतःच्या नावाने, म्हणजे ती त्याला दुसऱ्याकडून कळणार नाही. आणि तक्रारीत फक्त भिंतीचं लिहा, फोटो आणि तारखेसह. भाव, विक्री, थकबाकी यांचा शब्दही नको. परवानगीचं पत्र येईपर्यंत तुमच्या बाजूने टेकू लावून घ्या, आणि पावसाळ्यात त्या भिंतीकडच्या खोलीत कुणाला झोपवू नका.